ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली ओळ

१

डबी जागच्या जागी, खुर्चीच्या बाजूच्या छोट्या कपाटात होती. निळी, आत मखमलीचं अस्तर, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. फक्त तिच्यात काही नव्हतं.

"झोपायच्या आधी मी स्वतः उघडून बघितलं होतं," तिसऱ्या रांगेतल्या बाईसाहेब म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. उघडी डबी त्यांनी माझ्यापुढे धरली. "साडेअकराला. तुम्हीच नाही का मला पांघरूण आणून दिलंत? आणि आता दीड वाजलाय."

पांघरूण मीच दिलं होतं, आणि डबी उघडून त्यांनी आत पाहिलं तेही मी पाहिलं होतं. मी या विमानातली मुख्य सेविका. सव्वीस वर्षं झाली. लोक आम्हाला हवाई सुंदरी म्हणायचे. सुंदरी कधीच गेली, हवाई तेवढी उरली. गुडघे माझ्याआधी निवृत्त झालेत. पण नजर शाबूत आहे, आणि बिझनेस क्लासच्या चोवीस प्रवाशांपैकी कोणाला काय लागतं, कोण कधी झोपतं, कोण खोटं खोटं झोपतं, हे मला पाठ असतं.

सकाळी सहाला निघालेलं आमचं विमान दहा तासांनी आशियाच्या दुसऱ्या टोकाला उतरणार होतं. बाहेर लख्ख ऊन होतं, पण प्रवाशांना झोप मिळावी म्हणून आम्ही खिडक्या झाकून आत अंधार केला होता.

डबीत होता एक पितळी दट्ट्या आणि तो ज्यात सरकतो ती पोलादी नळी. दोन्ही मिळून अंगठ्याएवढी वस्तू. बाईसाहेबांच्या कारखान्याने केलेला पंपाचा नमुना. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो तिथल्या एका औषध कंपनीला चालवून दाखवायचा होता. पसंत पडला असता तर पाच वर्षांचं काम मिळणार होतं. तिकिटंही त्या कंपनीनेच पाठवली होती, नाहीतर ही तिघं आमच्या या रुंद खुर्च्यांवर कशाला आली असती?

तिघं म्हणजे बाईसाहेब, पलीकडच्या रांगेत त्यांचे धाकटे दीर आणि बाईसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर कारखान्यातले म्हातारे मिस्त्री. कारखाना बाईसाहेबांच्या यजमानांचा. ते दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून त्या सांभाळतात. हे सगळं मला पहिल्या तासातच कळलं होतं. मी विचारलं नव्हतं. उंचावर माणसं आपणहून बोलतात.

दीर उठून उभे राहिले. "यात शोधायचं काय आहे? डबी सोडून आतला माल नेलाय. साधा चोर डबीसकट नेईल. आपल्या धंद्यातल्या कोणीतरी हे करवून घेतलंय." मग त्यांनी मागे बघितलं. "या रांगेला कोण होतं वाढायला?"

या रांगेला घारी होती.

२

घारीचं खरं नाव तिच्या ओळखपत्रावर आहे, पण डोळ्यांमुळे आम्ही सगळे तिला घारीच म्हणतो. दहा वर्षं याच मार्गावर. चार महिन्यांपूर्वी विमान हललं आणि तिच्या हातून एका प्रवाशाच्या कोटावर कॉफी सांडली. त्याने तक्रार केली, तिच्या नावावर शेरा पडला. आमच्याकडे दुसरा शेरा म्हणजे घरचा रस्ता. घरी दोन शाळकरी मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. नवऱ्याचं काम सुटलेलं. ती घरासाठी उडत होती असं म्हटलं तरी चालेल.

"ताई, मी साडेअकरा ते दीड वर आपल्या झोपायच्या बंकमध्ये झोपले होते," ती गॅलीत, म्हणजे आमच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात, मला म्हणाली. "नोंदवहीत लिहिलंय."

"तुला झोपलेलं कोणी बघितलं?"

"समोरच्या बंकवाल्याने पडदा ओढलेला होता." तिने ओठ घट्ट मिटले. "मी तिथे होते."

मला तिचा शब्द पुरेसा होता. तो कंपनीला पुरला नसता.

तेवढ्यात चौथ्या रांगेतले वकील साक्ष द्यायला स्वतःहून उठून आले. जाडजूड, गोरेगोमटे, बोलताना घशातून घोगरा आवाज काढणारे गृहस्थ. दर महिन्याला याच मार्गाने कामाला जातात, त्यामुळे माझ्या ओळखीचे.

"कोणावर बालंट आणायची माझी इच्छा नाही," ते म्हणाले, "पण पाहिलं ते पाहिलं. बारा वाजले होते. घड्याळ बघूनच सांगतोय. मी फळांचा शेवटचा काप काट्याला लावला होता आणि समोर या मुलीने त्या बाईंच्या कपाटात हात घातला होता. बाजूच्या छोट्या कपाटात, पार मनगटापर्यंत."

घारीने हातातला कप खाली ठेवला.

"बघा," त्यांच्या मागोमाग आलेले दीर म्हणाले. "म्हणे झोपले होते."

नियम असा की उतरण्याच्या तासभर आधी, म्हणजे तीनपर्यंत, मला वैमानिकांना कळवावं लागतं. वस्तू सापडली तर काही प्रश्न नाही. नाही सापडली तर अहवाल लिहायचा, त्यात त्या रांगेच्या सेविकेचं नाव घालायचं आणि खाली पोलिस दारात उभे राहणार. अहवालाचा कागद मी खणातून काढला. दोन वाजायला आले होते.

बाईसाहेब रिकामी डबी उघडत-मिटत होत्या. मिस्त्री पांघरूण गळ्यापर्यंत ओढून समोरच्या टीव्हीच्या बंद पडद्याकडे बघत बसले होते.

"काका, तुम्हाला काही ऐकू आलं? तुम्ही तर शेजारीच होतात," मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी मुठीत दाबून धरला होता.

३

मी गॅलीत येऊन स्टुलावर बसले. गुडघे कुरकुरत होते आणि डोक्यात एकच गोष्ट अडकली होती. फळं.

बाराला फळं कुठून आली? फळं आम्ही सकाळच्या जेवणाबरोबर देतो. नऊच्या आत सगळे ट्रे उचलले होते. मधल्या वेळात मागितलं तर सँडविच मिळतं, बिस्किटं मिळतात. फळाची फोड औषधालाही नसते.

मी उठले आणि वकिलांकडे गेले.

"वकीलसाहेब, किती वाजले हो?"

त्यांनी मनगट वळवलं. "पाच वाजून चाळीस मिनिटं."

माझ्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

नेहमी लांबचा प्रवास करणारे लोक खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं काम करतात ते हे. घड्याळाचे काटे उतरायच्या गावाच्या वेळेला लावतात. म्हणे शरीराला सवय होते. आम्ही मात्र निघाल्या गावाची वेळ शेवटपर्यंत धरून ठेवतो, नाहीतर नोंदवहीचा बट्ट्याबोळ होईल. एकाच केबिनमध्ये साडेतीन तासांच्या अंतराने दोन वेळा नांदत असतात, आणि एरवी कोणाचं काही बिघडत नाही.

"म्हणजे तुमचे बारा," मी म्हटलं, "ते आमचे साडेआठ. सकाळचं जेवण संपत आलं होतं तेव्हा."

वकिलांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग घारीकडे. तीस वर्षं साक्षीदारांची उलटतपासणी घेणाऱ्या माणसाचा कान लाल होताना मी पहिल्यांदा पाहिला.

"साडेआठला तिने माझ्या कपाटात इअरफोन ठेवले," बाईसाहेब लगेच म्हणाल्या. "मी जागी होते. माझ्यासमोरच ठेवले. आणि त्यानंतर तीन तासांनी मी डबी बघितली, सगळं होतं."

"मी लेखी देतो," वकील पुटपुटले. "फी न घेता."

हे सगळं दीरांना पटायला हवं होतं. पटलं नाही. माणूस वाईट नव्हता. सहा महिने या कामामागे धावून रडकुंडीला आलेला होता. "ते ठीक आहे," ते म्हणाले, "पण वर झोपलेली कोणी पाहिली नाही, हे तर खरं ना? वस्तू काय पंख लावून उडाली? ती सापडेपर्यंत मी तक्रार मागे घेणार नाही."

आमच्या नियमाच्या पुस्तकातही तेच लिहिलेलं आहे. वस्तू सापडल्याशिवाय घारीचं नाव कागदावरून जाणार नव्हतं. आणि माझ्याकडे उरली होती जेमतेम पाऊण तासाची मुदत.

४

मी घारीला म्हटलं, "तू चहा कर. आपल्या दोघींना."

तिने कप काढला, उजेडात धरला आणि परत ठेवून दुसरा घेतला. धुतलेला कप पुन्हा तपासायची तिची सवयच आहे. ते बघून मला एकदम आठवलं. मीही आज असाच एक कप बघून चिडले होते.

बाराच्या सुमाराला मिस्त्रींनी घंटी वाजवली होती. कपभर पाणी हवं होतं, उकळतं. थोड्या वेळाने कप परत आला तो भरलेलाच, वर तेलाचा रंगीत तवंग. कप धुणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत मी तो ओतून टाकला होता. मग त्यांनी ग्लासभर बर्फ मागितला. मग परत एकदा बर्फ.

सकाळी मी त्यांच्यापुढे गार रस धरला तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले होते. "गार नको, ताई. घसा धरतो. मी बारमाही कोमट पाण्याचा माणूस."

कोमट पाण्याच्या माणसाला दोन ग्लास बर्फ कशाला लागतो?

आणखी एक आठवलं. सकाळच्या जेवणाच्या वेळी बाईसाहेब कंपनीचं पत्र वाचून दीरांना सांगत होत्या. उद्या ते पंप खरोखर चालवून बघणार, उकळतं औषध त्यातून बाटल्यांत भरणार, कारण हे औषध गरम असतानाच भरावं लागतं. मी तेव्हा घारीच्या मदतीला मिस्त्रींना वाढत होते. त्यांचा घास हातातच राहिला होता. नंतर त्यांनी ट्रे तसाच परत दिला. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला विमान मानवलं नसेल.

डबी न नेता फक्त आतला माल नेणारा चोर. झोपलेल्या बाईला जाग न आणता तिच्या कपाटापर्यंत हात पोचेल इतका जवळचा. तेलकट वस्तू आधी उकळत्या पाण्यात आणि मग बर्फात घालणारा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं आमचं झालं होतं.

"ताई, काय झालं?" घारीने विचारलं.

"चहा राहू दे," मी म्हटलं. "तू इथेच थांब."

बिझनेस क्लासच्या खुर्चीसमोर पाय ठेवायला एक बैठक असते. मी मिस्त्रींच्या त्या बैठकीवर बसले, त्यांच्या अगदी समोर. बाईसाहेब उठून दीरांच्या खुर्चीपाशी गेल्या होत्या.

"काका," मी हळू आवाजात म्हटलं, "अंगठा दाखवा."

त्यांनी मूठ उघडली. अंगठ्याच्या पेराला टरटरून फोड आला होता.

५

"अडकला का तो?" मी विचारलं.

"अडकला." त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. "पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं, ताई. गार असताना लोण्यात सुरी जावी तसा सरकतो. उकळत्यात घातला की फुगून बसतो. बसला तेव्हा मी जोर लावला, तिथे चुकलं. आत ओरखडा पडला. मग बर्फात घातला, दोनदा. निघेना. वहिनी जाग्या व्हायच्या आत परत ठेवणार होतो. फक्त खात्री करून बघायची होती."

"पण तुम्हीच बनवलात ना तो? गरमासाठी आहे हे माहीत नव्हतं?"

ते म्हणाले, "मला आकडे वाचता येतात. रेघा वाचता येतात. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तिकडचे लोक त्यांच्या भाषेत काहीबाही लिहितात, ते मला येत नाही. मालक होते तोवर ते माझ्या मशीनपाशी उभे राहून कोपरा वाचून दाखवायचे. त्यांनी ती लिपी मुद्दाम शिकून घेतली होती. हे आमच्या दोघांतलंच. ते गेल्यावर हापिसाला वाटलं मिस्त्री वाचतात, आणि मी... मी कोणाला सांगितलं नाही की वाचत नाही."

मला त्यांची दया आली. खरंच आली. पण रागही आला, आणि तो मी लपवला नाही.

"काका, त्या मुलीचं नाव या कागदावर जातंय. तुम्ही तासभर ऐकताय. तुमची अब्रू राहील आणि तिची चूल विझेल. चालेल तुम्हाला?"

"दोनदा तोंड उघडलं," ते म्हणाले. "आवाजच फुटला नाही. सत्तेचाळीस वर्षांत माझा एक नग परत आलेला नाही, ताई."

"तीनला दहा कमी आहेत. मी जाऊन सांगू शकते. पण तुम्ही सांगितलंत तर बरं."

त्यांनी पांघरूण बाजूला केलं. आम्ही देतो त्या टूथब्रश-कंगव्याच्या कापडी पिशवीतून त्यांनी नमुना काढला, तळहातावर घेतला आणि उठले. विमान जरा हलत होतं. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. ते पलीकडच्या रांगेत बाईसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"वहिनी, मी घेतला होता," ते म्हणाले आणि मला सांगितलं ते सगळं सांगितलं. कोपऱ्याचंही.

दीर खाली बसले. "ड्रॉइंग माझ्या हातून गेलं होतं," ते स्वतःशीच बोलावं तसं बोलले. "मी फक्त आकडे बघितले. म्हटलं, कोपरा मिस्त्री बघतीलच."

"आणि मला वाटलं तुम्ही दोघांनी बघितलाय," बाईसाहेब म्हणाल्या. त्यांनी तो अडकलेला दट्ट्या हातात घेतला, ओढून पाहिला, आणि मला वाटलं आता या बाई म्हाताऱ्याला फाडून खाणार. पण त्यांनी मिस्त्रींचा हात उलटा करून अंगठ्यावरचा फोड पाहिला. "यावर काही लावलंत का?"

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उद्या सकाळी सगळ्यांसमोर अडकला असता," बाईसाहेब दीरांना म्हणाल्या. "आज आपल्यात अडकला. उतरल्यावर मी त्यांना फोन करून खरं काय ते सांगते. पुढे त्यांची मर्जी." मग त्यांनी मान वळवली. "भावोजी, त्या मुलीला बोलवा. तुम्ही स्वतः बोलवा."

दीर गॅलीपर्यंत चालत गेले. तिथे काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण परत येताना ते घारीच्या मागून येत होते, आणि मान खाली होती. मी अहवालाचा कागद तिच्यासमोर चार तुकडे करून खिशात घातला. तिने माझं कोपर दाबलं.

मिस्त्रींनी तिच्यासमोर हात जोडले. "पोरी, मी तुला बुडवत होतो."

"बुडाले नाही ना," घारी म्हणाली. "बसा तुम्ही. मी मलम आणते."

बाईसाहेबांनी दीरांना बॅगेतलं ड्रॉइंग काढायला लावलं होतं. पत्रावळीएवढा कागद दीरांनी ट्रेवर पसरला. मलम लावता लावता घारीची नजर कोपऱ्यावर गेली. दहा वर्षं याच मार्गावर उडतेय ती. त्या भाषेतल्या सूचना रोज वाचते, आणि उतरलं की बाजारात घासाघीसही त्याच भाषेत करते.

"वाचू का?" तिने विचारलं.

मिस्त्री खुर्चीच्या कडेवर सरकून बसले, मशीनपाशी उभं राहून ऐकावं तसे.

"'हा भाग नव्वद अंश तापमानाला चालवायचा आहे. त्या बेताने फट ठेवावी.'"

मिस्त्रींनी डोळे मिटले. मलम न लागलेला अंगठा तर्जनीवर घासत ते हिशेब करत राहिले. "दट्ट्याला मिलिमीटरचे तीन शतांश कमी," ते म्हणाले. "त्यांच्याकडे लेथ असेलच, वहिनी. मला दोन तास द्यायला सांगा. नळीही नवी करावी लागेल. चार तास द्या म्हणावं."

"सांगते."

"खाली अजून एक ओळ आहे," घारी म्हणाली. "बारीक अक्षरात. ही छापीलच दिसतेय."

"वाच ना."

"'शंका असल्यास काम सुरू करण्यापूर्वी विचारावे.'"

खिडक्यांचे पडदे उघडायची वेळ झाली होती, पण मी तिथेच उभी राहिले. मिस्त्री त्या ओळीकडे बघत होते. मग त्यांनी बोट पुढे करून तिच्यावरून हळूच फिरवलं.

"ही ओळ मालकांनी कधी वाचून दाखवली नाही," ते म्हणाले.

"त्यांना कधी वाचावी लागली नाही, मिस्त्री," बाईसाहेब म्हणाल्या. "तुम्ही त्यांना विचारायचातच."